पापणीवर रंग का मळतात आणि कसे जुळतात

मागच्या लग्नसराईत एका मेंदीला भाचीच्या डोळ्यांवर मी पोपटी आणि राणी असे दोन रंग लावले. घागऱ्यात तेच रंग, ओढणीत तेच, बांगड्याही त्याच. डबीत दोन्ही शेड सुरेख दिसत होत्या. पापणीच्या आतल्या अर्ध्या भागावर पोपटी, बाहेरच्या अर्ध्यावर राणी, आणि दोघांमधली रेघ पुसट व्हावी म्हणून मी ब्रश फिरवायला लागले. जितका फिरवला तितका मधला भाग मळत गेला. पाचेक मिनिटांत तिथे ओल्या मातीच्या रंगाचा पट्टा उमटला. भाचीने आरशात पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मावशी, इथे लागल्यासारखं दिसतंय का गं?"

दिसत होतंच. सगळं पुसलं. रंग तेच ठेवले, लावायची पद्धत बदलली. दुसऱ्या खेपेला तेच दोन रंग इतके खुलले की मेंदीच्या फोटोंत हातांच्या आधी तिचे डोळे दिसतात. हा फरक कुठून आला ते नीट सांगावं असं तेव्हापासून मनात आहे. कारण रंगीत आयशॅडोला घाबरणाऱ्या बायका मला सारख्या भेटतात. "आपल्या रंगाला नाही गं शोभत ते," म्हणतात आणि तपकिरी-सोनेरीवर थांबतात. शोभतं. निळा शोभतो, जांभळा शोभतो, पिवळासुद्धा शोभतो. फक्त कोणता रंग कोणात मिसळायचा आणि कोणाला कोणापासून लांब ठेवायचं, एवढं कळायला हवं.

चिखल कसा होतो

आयशॅडो म्हणजे रंगाच्या बारीक कणांची पूड. पोपटी पूड पोपटी दिसते, कारण उजेडातला तांबडा आणि निळा-जांभळा भाग ती गिळते आणि हिरवा-पिवळा परत पाठवते. राणी रंगाची पूड नेमकं उलटं करते. ती हिरवा गिळते, तांबडा आणि निळा परत पाठवते. दोन्ही एकत्र घोटल्या की एकीने परत पाठवलेलं दुसरी गिळून टाकते. शेवटी जो थोडका उजेड उरतो त्यात कुठल्याच रंगाची बाजू उरलेली नसते, आणि डोळ्याला तो तपकिरी-करडा दिसतो. ब्रश कितीही मऊ असो, पूड कितीही महागाची असो, हात कितीही बसलेला असो, हे होणारच.

मग पिवळा आणि केशरी घोटले तर चिखल का होत नाही? कारण ते दोघे जवळजवळ तोच भाग गिळतात आणि जवळजवळ तोच परत पाठवतात. मध्ये जो तयार होतो तो आंब्याच्या सालीसारखा स्वच्छ रंग.

कोण कोणाच्या जवळचा हे ओळखायला शाळेतलं तानापिहिनिपाजा पुरतं. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. इंद्रधनुष्यात ही सरळ पट्टी असते. न्यूटनने १७०४ साली छापलेल्या प्रकाशावरच्या ग्रंथात ती वाकवून तिची दोन टोकं जोडली आणि वर्तुळ केलं. ते टोकांचं जोडणं फार मोलाचं आहे, कारण जांभळ्याच्या पुढे आणि तांबड्याच्या मागे जी जागा तयार झाली तिथे आपला लाडका राणी रंग बसतो. तो इंद्रधनुष्यात कुठेच नाही. तांबडा आणि निळा-जांभळा उजेड एकाच वेळी डोळ्यात शिरला की मेंदू त्याला राणी म्हणतो.

हे वर्तुळ डोळ्यांसमोर आणलंत की अर्धं काम झालं. एकमेकांना लागून बसलेले रंग हे शेजारी. पिवळा, केशरी, तांबडा. किंवा पोपटी, मोरपंखी, निळा. किंवा राणी, वांगी, जांभळा. हे एकमेकांत बिनधास्त मिसळा. वर्तुळात समोरासमोर येतात ते रंग: पिवळ्यासमोर जांभळा, केशरीसमोर निळा, हिरव्यासमोर राणी-तांबडा. हे एकमेकांत मिसळायचे नाहीत, शेजारी मात्र जरूर ठेवायचे. मला या लेखात सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. बाकी सगळं हिचाच विस्तार.

पैठणीतला राघू मळत नाही

येवल्यात विणकराच्या घरी मागावर चढलेला पैठणीचा पदर जवळून पाहिला तर हे आणखी पटतं. तांबड्या पदरावर हिरवा राघू असतो. हिरवा आणि तांबडा, समोरासमोरचे रंग, एवढ्या जवळ असूनही कुठे मळकटपणा नाही. कारण विणकर प्रत्येक रंगाची वेगळी कांडी वापरतो. हिरवा धागा राघूच्या कडेपर्यंत येतो, तिथे शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि मागे वळतो. दोन रंग एकमेकांचा हात धरतात, पण एकमेकांत शिरत नाहीत. आणि मधून जरीची तार चालते. तिच्या झळाळीमुळे दोघांनाही थोडा मोकळेपणा मिळतो.

त्या दिवशी भाचीच्या डोळ्यांवर मी हेच केलं. वरच्या सगळ्या पापणीवर पोपटी. राणी रंग वरून काढूनच टाकला आणि खालच्या पापण्यांच्या मुळाशी त्याची बारीक रेघ ओढली, बाहेरच्या दोन तृतीयांश भागात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे दोघे भेटले असते, तिथे सोनेरीचा एक ठिपका. पोपटी भरपूर, राणी थोडी. हे प्रमाणही मुद्दाम ठेवलं. समोरासमोरचे दोन रंग सारख्या मापाने लावले की दोघे ओढाताण करतात आणि बघणाऱ्याची नजर कुठेच ठरत नाही. एकाने घर सांभाळावं, दुसऱ्याने पाहुण्यासारखं यावं.

समोरचे रंग शेजारी आल्यावर इतके उजळतात ते का, हे एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढलं. त्याचं नाव मिशेल शेव्रल. १८२४ साली तो पॅरिसच्या गोबेलिन्स या भिंतीवरचे गालिचे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. काही रंग फिके दिसतात, काळा तर निळ्याजवळ अगदीच मिणमिणता दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे होती. त्याने काळी लोकर तपासली, दुसरीकडच्या लोकरीशी ताडून पाहिली. रंगात खोट नव्हती. खोट शेजारात होती. आपला डोळा रंग सुटा पाहत नाही. शेजारी काय आहे त्यावरून तो पहिल्या रंगात शेजाऱ्याच्या विरुद्ध छटा मिसळून पाहतो. निळ्याशेजारचा काळा किंचित केशरीकडे झुकतो आणि विटका वाटतो. उलट निळ्याशेजारी केशरी आला तर दोघांना एकमेकांकडून बळ मिळतं. शेव्रलने १८३९ मध्ये हे सगळं ग्रंथरूपाने मांडलं.

आता याचा आपल्या डोळ्यांशी संबंध बघा. तपकिरी बुबुळ हे रंगाच्या भाषेत गडद केशरीच. म्हणून गर्द निळी किंवा मोरपंखी रेघ काढली की आपले तपकिरी डोळे एकदम मधासारखे दिसायला लागतात. आपल्या घरातल्या बहुतेक सगळ्यांचे डोळे तपकिरी, म्हणजे निळा रंग आपल्यासाठीच आहे म्हणा ना. आणि आपणच त्याला भितो, याचं मला फार वाईट वाटतं.

रंगापेक्षा उजळपणा आधी

एखादी म्हणते, मी शेजारचेच तीन रंग घेतले, मिसळले, चिखल झाला नाही, पण काही उठून दिसत नाही. असं झालं की मी तिचा फोटो काढून मोबाइलमध्ये काळा-पांढरा करून तिलाच दाखवते. बहुतेक वेळा पापणी सपाट राखाडी दिसते. तीन रंग होते, पण तिन्हींचा उजळपणा एकच होता.

प्रत्येक रंगाची तीन मापं असतात. पहिलं त्याचं कूळ: निळा की हिरवा. दुसरं तो किती उजळ किंवा गडद आहे. तिसरं तो किती तेज आहे: राणीसारखा कडक, की वाळलेल्या गुलाबपाकळीसारखा शांत. आपण खरेदी करताना फक्त पहिलं माप बघतो. चेहऱ्यावर काम करतं ते दुसरं आणि तिसरं.

डोळ्याला आकार येतो तो उजळ-गडदच्या चढउताराने. उजळ भाग पुढे येतो, गडद भाग आत जातो. म्हणून पापणीच्या मधोमध उजळ, घडीत मध्यम आणि बाहेरच्या कोपऱ्यात गडद ही मांडणी जवळजवळ कुठल्याही डोळ्याला चालते. ज्यांची पापणी डोळा उघडल्यावर वरच्या त्वचेखाली लपते, त्यांनी घडीचा रंग घडीच्या थोडा वर, डोळा उघडा ठेवून लावायचा. नाहीतर सगळी मेहनत डोळा मिटल्यावरच दिसते.

रंगांना जन्मजात उजळपणा असतो हेही लक्षात ठेवा. पिवळा मुळातच उजळ, जांभळा मुळातच गडद, बाकीचे मध्ये. मावळतीच्या आभाळाचा मेकअप इतका हमखास जमतो त्याचं कारण हेच. आतल्या कोपऱ्यात पिवळा, मग केशरी, मग राणी, बाहेर जांभळा. उजळाकडून गडदाकडे जाणारी उतरण आपोआप तयार होते. शिवाय वर्तुळावर आपण एकेक घर चालत जातो, त्यामुळे प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्यातच मिसळतो. पिवळा आणि जांभळा समोरासमोरचे असूनही त्यांची गाठच पडत नाही. उलट करून पाहा, आत जांभळा आणि बाहेर पिवळा. डोळे एकमेकांजवळ सरकल्यासारखे आणि थकलेले दिसतील.

तिसऱ्या मापाबद्दल एकच सांगते. तीनही रंग कडक घेऊ नका. एक बोलका, दोन शांत. आमसुली, शेवाळी, धुरकट निळा, मातकट गुलाबी हे रंग डबीत उदास दिसतात आणि विकत घेताना आपण त्यांना टाळतो. पण बोलक्या रंगाला तेच सांभाळतात.

आपली त्वचा हाही एक रंग आहे

कागदावर रंगवताना मागे पांढरं असतं. पापणीच्या मागे कातडी असते, आणि माणसाची कातडी, गोरी असो की सावळी, केशरीच्याच घराण्यातली. फरक मुख्यतः उजळ-गडदचा. त्यात आपल्याकडे बऱ्याच जणींच्या पापण्या बाकीच्या चेहऱ्यापेक्षा सावळ्या असतात. अशा पापणीवर थेट लावलेला पिवळा मोहरीसारखा, गुलाबी विटेसारखा आणि आकाशी राखेसारखा दिसतो.

राखेचं कारण वेगळं आहे. फिके रंग बनवताना रंगद्रव्यात पांढरं घालतात, बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड, आणि सोबत शंखजिऱ्याची पूड असते. सावळ्या त्वचेवर ते पांढरं पिठासारखं तरंगतं. यात दोष त्वचेचा नाही, त्या पुडीचा आहे. उपाय दोन. पापणीवर आधी स्वतःच्या रंगाचा कन्सीलर पातळ थापून घ्यायचा, किंवा त्याहून छान, ज्या रंगाची पूड लावायची त्याच कुळातली मलईदार पेन्सिल खाली फासायची. आकाशी पुडीखाली निळी पेन्सिल, लिंबोणीखाली पिवळी. मग पूड चोळायची नाही, ब्रशने थोपटायची. चोळल्याने पूड उडते, थोपटल्याने बसते.

फिके मॅट रंग तरीही रुसले तर तोच रंग चमकदार घ्या. सावळ्या पापणीवर चमकदार फिरोजी जसा पेटतो तसा गोऱ्या पापणीवर पेटत नाही.

मोरपंखी डोळे, अगदी जवळून

नीलगुंजी पैठणीवर, म्हणजे निळ्यावर, मी जो मेकअप करते तो सगळा सांगते. लागतात चार शेड: धुरकट निळा-करडा मॅट, मोरपंखी चमकदार, गर्द निळा मॅट आणि तांब्याचा चमकदार.

पहिली चूक पहिल्याच पायरीला होते. घडीत आधी उबदार तपकिरी लावा, असं जिथे तिथे शिकवतात. केशरी-राणीच्या मेकअपला ते उत्तम. पण उबदार तपकिरी म्हणजे दबलेला केशरी, आणि केशरी निळ्याच्या समोरचा. तुम्ही निळा त्या तपकिरीत ब्लेंड करायला गेलात की बरोबर घडीत चिखल. म्हणून निळ्या-हिरव्या मेकअपला मधला रंगही थंडच हवा. धुरकट निळा-करडा फुगीर ब्रशवर अगदी थोडा घ्यायचा, ब्रश डबीच्या कडेवर टिचकी मारून झटकायचा आणि काचेचा वायपर फिरतो तसा घडीत फिरवायचा. तो फारसा दिसायला नको. तो फक्त पुढच्या रंगाला त्वचेत विरघळायला वाट करून देतो.

दुसरी पायरी गर्द निळा. बारीक ब्रशने बाहेरच्या कोपऱ्यात आडवा व्ही काढायचा, एक हात पापण्यांच्या मुळाशी, एक घडीत. काळा घेऊ नका. काळा सगळ्यांचंच तेज खातो. निळ्याला गडद करायचं तर गर्द निळ्याने, राणीला गडद करायचं तर आमसुलीने. इथे थोडी पूड गालावर सांडते, म्हणून फाउंडेशन डोळ्यांनंतर लावायचं. आधी लावलं असेल तर गालावर सुटी पावडर जरा जाड ठेवून शेवटी झाडायची.

मग मोरपंखी, बोटाने. ब्रशपेक्षा अनामिका बरी, कारण बोटाच्या उबेने चमकदार पूड घट्ट बसते. पापणीच्या मधोमध एकदा दाबायचं, तिथून दोन्हीकडे थोपटत जायचं. गर्द निळ्याच्या कडेवर मोरपंखी किंचित चढू द्यायचा. शेजारी आहेत, मळणार नाहीत.

शेवटी तांबं. आतल्या कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढं, बस. तो समोरचा रंग आहे, म्हणून त्याला ब्लेंड करायचं नाही, ठेवून द्यायचं. खालच्या पापण्यांशी मोरपंखीची पातळ रेघ, कडेला काजळ, वर मस्करा. ओठांवर मातकट गुलाबी. डोळे एवढं बोलत असताना ओठांवर कडक लाल लावला तर चेहऱ्यावर दोन जणी एकदम बोलायला लागतात.

चमक कुठून येते

मोराच्या पिसात निळं रंगद्रव्य नसतं. पिसाच्या तंतूत मेलॅनिन या गडद रंगद्रव्याच्या अतिसूक्ष्म कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यातल्या अंतरामुळे उजेडातले काही रंग वाढतात, काही मावळतात. चमकदार आयशॅडोत जवळजवळ हाच खेळ अभ्रकावर केलेला असतो. अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवतात. थर पातळ असेल तर चंदेरी दिसतो, वाढवत गेलं की सोनेरी, मग लालसर, मग निळा, मग हिरवा. थराची जाडी जरा बदलली की निळ्याचा सोनेरी! सगळा फरक मीटरच्या एखाद्या कोट्यांश भागाचा.

मान वळवली की हिरव्याचे जांभळे होणारे जे डुओक्रोम असतात, तेही यातूनच निघतात. आपल्या धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून घडीगणिक रंग पालटतो. कारण वेगळं, पण डोळ्याला मिळणारं सुख तेच. धूपछाव साडी नेसणार असाल तर तिच्या दोन रंगांचा डुओक्रोम शोधा आणि पापणीवर तेवढा एकच लावा. दुसरं काही लागत नाही.

अशा पुडीखाली काय आहे यावर मात्र तिचं रूप ठरतं. खाली गडद काजळी रंग असेल तर पालटणारी छटा ठळक दिसते, खाली फिकं असेल तर नुसती लकाकते. पापणीला सुरकुत्या असतील तर जाड चकाकी त्यांत जाऊन बसते. तिथे साटीनसारखी मंद चमक निवडा. साठीतल्या बायकांना रंग लावू नये असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. माझ्या एका काकूंनी सत्तरीत वांगी रंगाची बारीक रेघ लावायला सुरुवात केली आणि आता त्या तिच्याशिवाय देवळातही जात नाहीत.

जांभळ्याबद्दल एक सूचना. मॅट जांभळा पापणीवर ठिगळासारखा बसतो ही तक्रार खरी आहे आणि त्यात हाताची चूक कमी असते. डोळ्यांजवळ चालतील अशी जांभळी रंगद्रव्यं मोजकी आहेत आणि ती लोहाच्या लाल-पिवळ्या ऑक्साइडांइतकी गुण्यागोविंदाने पसरत नाहीत. पातळ पातळ तीन थर द्या, प्रत्येक थराला थोपटा.

नवरात्रीचे नऊ दिवस

रंगांचा सराव करायला नवरात्रीसारखा काळ नाही. लोकलच्या बायकांच्या डब्यात, ऑफिसात, शाळांच्या शिक्षकखोलीत अख्खा दिवस एकाच रंगाचा असतो. तेव्हा साडीचाच रंग पापणीवर लावायचा मोह होतो. एकदम तोच नका लावू. साडी मोठी, पापणी इवलीशी, तो रंग साडीतच विरून जातो. हिरव्या दिवशी मोरपंखी, पिवळ्या दिवशी तांबूस-केशरी, राखाडी दिवशी जांभळा, असं एक घर सरकून लावा. लाल दिवस अवघड. नुसता लाल डोळ्यांभोवती आला की डोळे आल्यासारखे दिसतात. तिथे डाळिंबी किंवा आमसुली घ्यायचा आणि पापण्यांच्या मुळाशी काळी किंवा गर्द तपकिरी रेघ ओढून डोळ्याचा पांढरा भाग आणि लाल यांच्यात अंतर पाडायचं. पांढऱ्या दिवशी काय हवं ते करा!

उजेड आणि काळजी

मेकअप करताना खिडकीशी बसा आणि ज्या उजेडात तो दिसणार आहे त्यात एकदा बघून घ्या. हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांत निळा उजेड कमी असतो, त्यामुळे निळ्या-जांभळ्या शेड काळपट पडतात आणि केशरी-सोनेरी पेटतात. संध्याकाळच्या लग्नाला निळा लावायचा तर एक घर उजळ आणि चमकदार घ्यायचा. दिवसा उलट, चमक आवरती ठेवायची.

हस्तकलेच्या दुकानातलं ग्लिटर, रांगोळी, गुलाल यांतलं काहीही डोळ्यांजवळ नेऊ नका. त्यांचे कण बुबुळाला ओरखडे पाडू शकतात. पाकिटामागचं लिहिलेलं वाचा. कडक निऑन रंगांच्या काही डब्यांवर "डोळ्यांभोवती वापरू नये" असं बारीक अक्षरात असतं. ओठांना चालणारं प्रत्येक रंगद्रव्य डोळ्यांना चालतंच असं नाही. अमेरिकेत तर डोळ्यांभोवती चालणाऱ्या रंगद्रव्यांची वेगळी यादी ठेवलेली आहे. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिसं आणि आर्सेनिकची संयुगं वापरायला बंदी आहे, पण पत्ता नसलेल्या डबीतल्या सुरम्यात शिसं असू शकतं, कारण जुन्या पद्धतीचा सुरमा गॅलेना या शिशाच्या खनिजापासूनच करत. लहान मुलांना तर तो लावूच नका.

पापणीच्या अगदी कडेला तेलग्रंथींची बारीक तोंडं असतात. आतल्या कडेवर चकाकी भरली की ती बुजतात आणि डोळे चुरचुरतात, म्हणून पूड पापण्यांच्या केसांच्या बाहेरच ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्स आधी घालायच्या, मग मेकअप. काढताना आधी लेन्स, मग मेकअप. मस्करा तीन महिन्यांनी टाकून द्यायचा, अर्धा उरला असला तरी. आणि डोळे आलेले असताना वापरलेलं काहीही पुन्हा वापरायचं नाही, मैत्रिणीला द्यायचं तर नाहीच.

भाचीचं लग्न आता मार्गशीर्षात आहे. साडी कुसुंबी, काठ हिरवे. काल ती खिडकीशी बसली होती आणि मी तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला शेड लावून बघत होते: राणी, आमसुली, वांगी ओळीने, आणि बोटभर अंतर सोडून काठांचा हिरवा. तिने स्वतःच अंगठ्याने राणी आणि वांगी एकमेकांत पुसले, मध्ये गुलबक्षीसारखा रंग आला. मग तिचा अंगठा हिरव्याकडे वळला, आणि टेकायच्या आधीच तिने तो मागे घेतला.

"हा खाली," ती म्हणाली. "रेघेपुरता."